गार नाकावर विसंबू नका: मांजराचा ताप ओळखायचा कसा

आमचा भुऱ्या बोका तीन दिवस जिन्याखालच्या पोत्यावर बसून होता. पावसाळ्याचे दिवस, त्यामुळे गारठ्याने आळसावला असेल, असं घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं. आत्याने त्याच्या नाकाला बोट लावून पाहिलं, ते गार आणि ओलं लागलं, आणि तिने निकाल दिला, "काही झालेलं नाहीये त्याला." चौथ्या दिवशी त्याने सुकट हुंगली आणि तोंड फिरवलं. सुकटीला नको म्हणणारा भुऱ्या आम्ही तोवर पाहिला नव्हता. तालुक्याला डॉक्टरांकडे नेलं तर ताप १०४.६ निघाला आणि शेपटीच्या मुळाशी केसांखाली लिंबाएवढं गळू. दुसऱ्या बोक्याचा दात लागला होता. नाक तेव्हाही गारच होतं.

पहिल्यांदाच मांजर आणलेल्या घरांत हीच चूक होते, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

हाताला गरम लागणं म्हणजे ताप नव्हे

आपल्या अंगाचं तापमान साधारण ९८.६ अंश फॅरनहाइट. मांजराचं १००.५ ते १०२.५, म्हणजे सेल्सियसमध्ये ३८.१ ते ३९.२. माणसाच्या मापाने बघितलं तर ठणठणीत मांजरालाही कायम तापच असतो. त्यामुळे नवखा माणूस दोन्हीकडून चुकतो. बरं मांजर मांडीवर घेतलं की "अंग कढत लागतंय" म्हणून घाबरतो, आणि खरोखर तापलेलं मांजर हाताशी आलं तर "नेहमीसारखंच तर आहे" म्हणून सोडून देतो. अंगावर केस असल्याने दोन अंशांचा फरक तळहाताला कळत नाही.

नाकाचंही तेच. मांजर नुकतं झोपून उठलं असेल, उन्हात किंवा फ्रिजच्या मागे बसलेलं असेल, तर नाक कोरडं आणि गरम असतं. दोनदा चाटलं की पुन्हा ओलं. कान जरा जास्त गरम लागले तर मनात नोंद करावी, पण त्यावर निकाल देऊ नये. ताप कळतो तो आधी वागण्यातून, आणि पक्का होतो थर्मामीटरने.

आधी बरं असलेलं मांजर नीट बघून ठेवा

ही पायरी सगळे गाळतात, आणि मला विचाराल तर हीच सगळ्यांत कामाची आहे. मांजर घरी रुळलं की आठवडाभर त्याचं रोजचं वागणं एका वहीत उतरवा. दिवसाला किती खातं, पाणी कुठलं पितं, दुपारी कुठे झोपतं, लिटरमध्ये, म्हणजे शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये, लघवीचे किती गोळे निघतात, दाराची कडी वाजली की येतं की नाही. वजनासाठी त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा आणि मग स्वतःचं वजन वजा करा.

गाढ झोपलेलं असताना बरगड्या वर-खाली होताना दिसतात. वर-खाली मिळून एक श्वास. तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. झोपेत मिनिटाला तीसच्या आत आकडा यायला हवा. ओठ हलकेच वर करून हिरड्यांचा रंग बघा. काही मांजरांच्या हिरड्यांवर काळे डाग जन्मतःच असतात, ते आधी माहीत नसेल तर आजारपणात उगाच धसका बसतो.

जमलं तर बरं असतानाच एक-दोनदा ताप मोजून ठेवा. तुमचा हात बसतो, आणि आपल्या मांजराचा नेहमीचा आकडा कळतो.

वागणं काय सांगतं

मांजर आजार लपवतं. कुत्रं कण्हतं, येऊन मांडीवर डोकं ठेवतं. मांजर कपाटामागे, पलंगाच्या पेटीत, गाडीखाली जाऊन बसतं. एरवी पायात पायात करणारं मांजर अचानक दिसेनासं झालं, तर पहिला संशय आजाराचा घ्या.

तापलेल्या मांजराची बसण्याची ढब वेगळी असते. चारही पाय पोटाखाली, पाठीची कमान, मान खाली, डोळे अर्धवट मिटलेले. झोपलेलं वाटतं, पण झोपलेलं नसतं. अंगाचं मुटकुळं सैल होत नाही. ताप चढत असताना कधी अंगाला बारीक कंपही सुटतो. हाक मारल्यावर कान वळत नाहीत, किंवा वळले तरी मांजर जागचं हलत नाही.

दुसरी खूण केसांची. मांजराचा दिवसातला बराच वेळ स्वतःला चाटण्यात जातो. ताप आला की ते काम आधी बंद पडतं. दोन दिवसांत पाठीवरचे केस विस्कटलेले, तेलकट, जागोजागी उभे दिसायला लागतात. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा वर आलेला दिसला, तर ती तिसरी पापणी. गाढ झोपेतून उठताना ती क्षणभर दिसते, ते ठीक. जागेपणीही तशीच राहिली तर आत काहीतरी बिघडलंय.

आणि खाणं. मांजराला एक वेळ जेवण नको होऊ शकतं, नखरे असतातच. पण मोठ्या मांजराने चोवीस तास काहीच खाल्लं नाही, तर "भूक लागली की खाईल" म्हणत बसू नका. उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठत जाते, आणि लठ्ठ मांजराला हा धोका जास्त. मूळ आजार किरकोळ असला तरी हे दुखणं जिवावर बेतू शकतं. लहान पिल्लाच्या बाबतीत बारा तासही जास्त आहेत.

यातली एखादीच गोष्ट दिसली तर लक्ष ठेवा. दोन-तीन एकत्र दिसल्या तर थर्मामीटर काढा. एक अपवाद मात्र लक्षात असू द्या. बोका लिटरमध्ये पुन्हापुन्हा बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि लघवी होत नाहीये, तर ताप मोजण्यात वेळ घालवू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. रात्र असली तरी डॉक्टर शोधा.

थर्मामीटर कसा लावायचा

मेडिकलमध्ये मिळणारा साधा डिजिटल थर्मामीटर चालतो. टोक वाकणारं असेल तर उत्तम. काचेचा पाऱ्याचा नको, मांजराने उसळी मारली तर फुटतो. कपाळाला रोखायची बंदूक केसांमुळे काहीही आकडा दाखवते, आणि माणसांच्या कानाचा थर्मामीटर मांजराच्या वळणदार कानासाठी बनलेलाच नाही. काखेत लावून आकडा कमी येतो आणि किती कमी, याचा भरवसा नाही. तेव्हा गुदद्वारातून मोजणं हाच खरा मार्ग. आणलेल्या थर्मामीटरला नेलपॉलिशचा ठिपका लावा आणि तो मांजरासाठीच ठेवा. का ते सांगायला नको.

१. मांजर अर्धा तास तरी शांत बसलेलं असू द्या. नुकतंच खेळलेलं, उन्हातून आलेलं किंवा घाबरलेलं असेल तर आकडा उगाच चढा येतो.

२. दोन माणसं हवीत. टेबलावर जुनी चादर टाका, म्हणजे पाय घसरत नाहीत. एकाने मांजराचं तोंड आपल्या पोटाकडे करून एक हात छातीपुढे आणि दुसरा पोटाखाली ठेवावा. फिसकारणारं असेल तर टॉवेलात गुंडाळून मागचा भाग फक्त बाहेर ठेवा. मानेची कातडी धरून लटकवायचं नाही.

३. टोकाला व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा. बटण दाबून थर्मामीटर सुरू करा.

४. शेपूट हलकेच वर करा, ओढू नका. टोक गुदद्वाराशी टेकवून क्षणभर थांबा. तिथला स्नायू आधी आवळतो, मग सैल होतो. सैल झाला की थर्मामीटर सरळ, किंचित फिरवत साधारण दोन सेंटीमीटर आत जाऊ द्या. अडलं तर जोर करायचा नाही.

५. शिटी वाजेपर्यंत शेपूट आणि थर्मामीटर एकाच हातात धरा, म्हणजे मांजर हललं तरी दोन्ही बरोबर हलतात.

६. बाहेर काढून आकडा आणि वेळ लिहा. टोकाला रक्त, आव, पातळ शी किंवा जंत दिसले तर तेही लिहा. मग साबणाने धुऊन स्पिरिटने पुसा.

मांजराने फारच धिंगाणा घातला तर सोडून द्या. आकडा नाही मिळाला तरी चालेल, डॉक्टर मोजतील. दात लागले तर मात्र हयगय नको. मांजराचे दात सुईसारखे असल्याने जखम वरून मिटते आणि आत पू होतो. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांकडे जा. रेबीजच्या इंजेक्शनचा निर्णय तेच देतील.

आकडा आला, आता?

१०२.५ पर्यंत ताप नाही. १०२.५ ते १०३ च्या मधे असेल तर तासाभराने, शांत खोलीत पुन्हा मोजा. १०३ च्या वर गेला की ताप आहे असं धरा. मांजर खातंपितं असेल तर दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली तरी चालतं. १०४ ला त्याच दिवशी नेलं पाहिजे. १०५ किंवा वर असेल तर लगेच निघा.

थर्मामीटर ९९ च्या खाली दाखवत असेल तर "चला, ताप उतरला" म्हणून सुस्कारा सोडू नका. मलूल मांजराचं अंग गार पडणं हे चढ्या तापाहून वाईट लक्षण असतं. त्याला गोधडीत गुंडाळून, कापडात लपेटलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवून डॉक्टरांकडे न्या. चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना मात्र हे आकडे लावू नका. त्यांचं तापमान मुळातच मोठ्यांपेक्षा कमी असतं. त्यांच्या बाबतीत दूध ओढणं थांबलं की डॉक्टर, एवढंच बघायचं.

ऊन लागणं हा ताप नाही

विदर्भात, मराठवाड्यात राहणाऱ्यांनी हे नीट वाचावं. ताप म्हणजे जंतूंशी लढताना शरीराने स्वतःच तापमान वर नेलेलं असतं. ऊन लागतं तेव्हा शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नसते. तापलेलं मांजर बहुधा मुटकुळं करून बसतं. ऊन लागलेलं मांजर फरशीवर लांबलचक पडतं, तोंड उघडं ठेवून धापा टाकतं, लाळ गाळतं. कुत्र्यासारखं जीभ काढून धापणं मांजराच्या स्वभावात नाही, ते दिसलं की प्रकरण गंभीर समजा.

ऊन लागलं असेल तर अंग, विशेषतः पोट आणि पंजे, नळाच्या साध्या पाण्याने ओलं करा, पंखा लावा आणि निघा. बर्फ नको, त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आत कोंडते. साध्या तापात मात्र पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या नाहीत. आपल्याकडे मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ही पहिली सवय, पण मांजर त्याने कुडकुडतं, घाबरतं आणि ताप होता तिथेच राहतो.

क्रोसिन नाही म्हणजे नाही

पॅरासिटामॉल, मग ते क्रोसिन, कॅल्पोल, डोलो कुठल्याही नावाचं असो, मांजराला विष आहे. लहान मुलांचं गोड औषधसुद्धा. माणसाचं यकृत हे औषध ज्या रीतीने निरुपद्रवी करतं, ती रीत मांजराच्या यकृतात फारच तोकडी आहे. उरलेल्या औषधातून घातक पदार्थ तयार होतो, रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते आणि यकृतही बिघडतं. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा तुकडाही तीन-चार किलोच्या मांजराचा जीव घेऊ शकतो. भुऱ्याच्या वेळी आमच्या घरातही "पाव गोळी दुधातून देऊन बघू" हे वाक्य उच्चारलं गेलं होतं. सुदैवाने गोळ्यांचं पाकीट संपलेलं होतं.

कोणी चुकून दिलीच असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा आणि ते पाकीट बरोबर न्या. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो जितका लवकर मिळेल तितका चालतो. मीठ पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन याही घरच्या डब्यातल्याच गोळ्या आणि त्याही नकोत. छातीला बाम किंवा विक्स चोळणं, निलगिरीचा वाफारा, कापराची पुडी, हे सगळं माणसांचं. कापूर आणि निलगिरी दोन्ही मांजराला बाधतात, आणि अंगाला लावलेलं ते चाटून पोटात घेतंच. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक्स संपवायची ही जागा नव्हे.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत

शांत, अंधारी खोली, मऊ अंथरूण, जवळच लिटर. घरात दुसरी मांजरं असतील तर भांडी आणि लिटर वेगळं करा. पाण्याच्या दोन-तीन वाट्या ठेवा, दूध नको. खाणं थोडं कोमट करून द्या. सर्दीने वास येत नसेल तर मांजर खात नाही, आणि कोमट अन्नाचा वास जास्त सुटतो. मीठ-मसाला, कांदा, लसूण न घातलेलं उकडलेलं चिकन बहुतेकांना चालतं. जबरदस्तीने घशात ओतू नका, फुप्फुसात जाण्याची भीती असते.

अंगात पाणी कमी झालंय का, हे बघायला हिरडीवर बोट टेकवा. ती ओली गुळगुळीत हवी, चिकट लागली तर पाणी कमी पडलंय. हिरडी दाबून सोडली की पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. हिरड्या पांढऱ्याफटक किंवा पिवळ्या दिसल्या, झोपेतले श्वास चाळीसच्या वर गेले, तर आकड्याकडे न बघता निघा.

मग अंगावरून हात फिरवा, सावकाश, केसांच्या उलट दिशेने. गाल, मान, पुढचे पाय आणि शेपटीचं मूळ या चावे बसण्याच्या जागा. कुठे केस चिकटून खपली धरली असेल, कुठे दाबल्यावर मांजर वळून फिसकारत असेल, तर ती जागा डॉक्टरांना दाखवायची. गळू स्वतः फोडू नका. पिसवा आणि गोचिडी आहेत का तेही बघा. पिसवांमधून रक्तातल्या तांबड्या पेशींना खाणारा जंतू पसरतो असं मानलं जातं. त्यात ताप येतो आणि हिरड्या फिक्या पडतात.

गावाकडे अडचण असते ती डॉक्टरांची. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दिवस गाईम्हशींत जातो, म्हणून आधी फोन करून "मांजर बघता का?" एवढं विचारा. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. जुने लोक त्याला अजून बैलघोडा हॉस्पिटलच म्हणतात, पण तिथे मांजरंही बघतात. परळलाच १८८६ मध्ये सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.

डॉक्टरांना काय सांगाल

कधीपासून खात नाही, किती वेळा मोजलं आणि काय आकडा आला, उलट्या-जुलाब, बाहेर जातं का, भांडलं होतं का, लसी झाल्यात का, नसबंदी झालीय का. घरी शांतपणे मोजलेला आकडा फार मोलाचा, कारण दवाखान्यात भीतीनेच तापमान चढतं.

प्रत्येक प्रश्नामागे एकेक आजार उभा असतो. बाहेर हिंडणाऱ्या, नसबंदी न झालेल्या बोक्याला ताप आला तर आधी चाव्याचं गळू शोधतात. भांडणानंतर दोन ते पाच दिवसांत ते वर येतं. शिंका, वाहणारे डोळे, जिभेवर फोड असतील तर मांजरांचा फ्लू. नसबंदी न झालेली मांजरी माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी मलूल झाली, पाणी फार प्यायला लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घेतात. लस टोचल्यानंतर एखाददुसरा दिवस अंग गरम राहणं हे मात्र नेहमीचं. त्याहून लांबलं तर फोन करा.

सगळ्यांत भीती पॅनल्यूकोपेनियाची, म्हणजे मांजरांच्या एका जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची. लस न झालेल्या पिल्लाला एकाएकी चढा ताप, उलट्या, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसणं, असं दिसलं तर सकाळची संध्याकाळ करू नका. हा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो आणि चपलांना चिकटूनही येतो. "आमचं तर घराबाहेरच जात नाही" म्हणणाऱ्यांच्या मांजरांनाही म्हणूनच तिहेरी लस लागते, आठ-नऊ आठवड्यांच्या वयात पहिली आणि तीन-चार आठवड्यांनी पुढची. एखादं पिल्लू याने गेलं असेल तर ब्लीचने घर धुतल्याशिवाय नवं पिल्लू त्या घरात आणू नका, आणि आणाल तेही लस पूर्ण झालेलंच.

आणि एक चिवट प्रकार. दोन वर्षांच्या आतलं मांजर, आठवडा-दोन आठवडे येणारा-जाणारा ताप, अँटिबायोटिकने फरक नाही, वजन उतरतंय, कधी पोट फुगतंय. अशा वेळी डॉक्टरांना एफआयपीबद्दल, म्हणजे मांजरांच्या कोरोना विषाणूमुळे होणाऱ्या आजाराबद्दल, स्वतःहून विचारा. पूर्वी हा आजार म्हणजे शेवट होता. आता जीएस-४४१५२४ या औषधाने बरीच मांजरं बरी होतात. उपचार लांबतो, खर्चही होतो.

परत आल्यावर

सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहा, सलग दोन दिवस नेहमीच्या आकड्यावर येईपर्यंत. आकड्याइतकीच भरवशाची खूण म्हणजे मांजर पुन्हा स्वतःला चाटायला लागणं. भुऱ्याने पाचव्या दिवशी पोत्यावर बसून मागचा पाय आभाळाकडे करून साफसफाई सुरू केली, तेव्हा आत्याने पुन्हा त्याच्या नाकाला बोट लावलं आणि "बघ, गारच आहे" म्हणाली.

मांजर खेळायला लागलं तरी अँटिबायोटिक डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत द्या. त्यातली डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडी देऊ नका. ती मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते, म्हणून गोळी गिळली की लगेच सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या कडेतून पाच-सहा मिली पाणी थोडंथोडं करून पाजा, किंवा चमचाभर ओलं खाणं पुढे करा.